झाडाचं वजन येतं कुठून? प्रकाशसंश्लेषण आणि त्याच्या शोधाची तीनशे वर्षं

आंब्याची कोय हातात घ्या. वजन फार तर ३०-४० ग्रॅम. ती मातीत लावली, पाणी घातलं आणि वीस वर्षं वाट पाहिली, तर त्याच जागी काहीशे किलोंचं झाड उभं असतं. हे वजन आलं कुठून?

बहुतेक जण पटकन उत्तर देतात, "जमिनीतून, मुळांनी ओढून घेतलं." तसं असतं तर प्रत्येक मोठ्या झाडाखाली मोठा खड्डा पडायला हवा होता. तो पडत नाही. मग काही जण म्हणतात, "पाण्यातून." हे उत्तर थोडंसंच बरोबर आहे. झाडाच्या कोरड्या वजनाचा सर्वात मोठा भाग येतो हवेतून. जी हवा आपल्याला दिसतही नाही, तिच्यातून लाकूड बनतं, ज्वारीचा दाणा बनतो, आंब्याचा रस बनतो.

ही गोष्ट आज सातवीचा मुलगाही पाठ म्हणून दाखवतो. पण ती सिद्ध करायला शास्त्रज्ञांना जवळजवळ तीनशे वर्षं लागली. या लेखात आपण प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय, ते पानाच्या आत कसं चालतं आणि त्याचा शोध टप्प्याटप्प्याने कसा लागला ते पाहू. शेवटी व्हॉट्सॲपवर फिरणारे काही दावे तपासू आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने करता येईल असा एक प्रयोगही करू.

थोडक्यात सांगायचं तर

प्रकाशसंश्लेषण म्हणजे प्रकाशाची ऊर्जा वापरून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून साखर बनवणं. हे काम वनस्पती, शैवाल आणि काही जिवाणू करतात.

- कच्चा माल: हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांतून आलेलं पाणी
- ऊर्जा: सूर्यप्रकाश, त्यातही मुख्यतः लाल आणि निळा
- यंत्र: पानातल्या पेशींमधले हरितलवक आणि त्यांतलं हरितद्रव्य
- तयार माल: साखर. तिच्यापासून पुढे स्टार्च, लाकूड, तेल, प्रथिनं असं सगळं बनतं
- बाहेर पडणारी गोष्ट: ऑक्सिजन

मग खताचं काय? खतातून नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश मिळतं आणि ते लागतंच. पण प्रमाण बघा. वाळलेल्या झाडाच्या वजनात साधारण ४५ टक्के कार्बन, जवळपास तेवढाच ऑक्सिजन आणि ६ टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन असतो. बाकी सगळं मिळून उरलेल्या काही टक्क्यांत येतं. चुलीत भारंभर लाकूड जाळल्यावर जी मूठभर राख उरते, तोच झाडाने जमिनीतून घेतलेल्या खनिजांचा वाटा. बाकीचं बहुतेक हवेतून आलं होतं, ते धुरावाटे परत हवेत गेलं.

पहिला हिशोब: पाच वर्षं, एक कुंडी आणि एक झाड

सतराव्या शतकापर्यंत युरोपातले विद्वान ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलेली समजूत धरून होते. झाड मातीतलं तयार अन्न मुळांनी खातं, ही ती समजूत. ती तराजूवर तपासली ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्टा व्हॅन हेल्मोंट यांनी.

त्यांनी २०० पौंड, म्हणजे साधारण ९० किलो, भट्टीत वाळवलेली माती कुंडीत भरली. त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोकं असलेलं झाकण बसवलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंडांहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे ७७ किलो. माती परत वाळवून मोजली तर तिच्यात घट होती फक्त दोन औंसांची, म्हणजे ६० ग्रॅमहून कमी.

हेल्मोंट यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये मुलाने छापलेल्या ग्रंथातून जगापुढे आला. माती बाद झाली, हे मोठं काम झालं. पण हवेचा विचार त्यांच्या हिशोबात आलाच नाही. यातली गंमत अशी की 'गॅस' हा शब्द हेल्मोंट यांनीच तयार केला. कोळसा जळताना जो वायू निघतो त्याचाही त्यांनी अभ्यास केला होता. तो वायू म्हणजेच कार्बन डायऑक्साइड. त्यांच्या विलोचं उत्तर त्यांच्याच दुसऱ्या कामात पडलेलं होतं, फक्त दोन टोकं जोडली गेली नाहीत.

पुढे १७२७ मध्ये इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी पानं हवेतूनही काहीतरी घेत असावीत, असा अंदाज मांडला. पण हवा ही एकच एक वस्तू आहे असं मानण्याचा तो काळ. तिच्यात वेगवेगळे वायू आहेत हे कळल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं.

दुसरा हिशोब: मेणबत्ती, उंदीर आणि पुदिना

जोसेफ प्रीस्टली हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक. लीड्स शहरात त्यांच्या घराशेजारी बिअरची भट्टी होती. तिथल्या पिंपांवर साचणाऱ्या वायूशी खेळता खेळता त्यांनी सोडा वॉटर बनवण्याची पद्धत शोधली. वायूंचा नाद लागला तो तिथूनच.

बंद काचेच्या भांड्यात मेणबत्ती थोड्या वेळाने विझते आणि उंदीर गुदमरतो, हे आधी माहीत होतं. प्रीस्टली यांनी १७ ऑगस्ट १७७१ ला मेणबत्ती विझलेल्या अशा हवेत पुदिन्याची एक फांदी ठेवली. दहा दिवसांनी, २७ ऑगस्टला, त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. म्हणजे 'बिघडलेली' हवा झाडाने दुरुस्त केली होती. आपण सगळे श्वास घेतो, जगभर चुली जळतात, तरी हवा संपत का नाही, या प्रश्नाचं पहिलं उत्तर या पुदिन्याने दिलं.

पण एक अडचण होती. हा प्रयोग कधी जमायचा, कधी फसायचा. प्रीस्टली यांच्या स्वतःच्या हातूनही तो दर वेळी जमत नव्हता. एकदा चालतो, एकदा नाही, असं दिसलं की कुठलाही प्रोग्रामर ओळखतो: आपण धरलेली नाही अशी एखादी गोष्ट मध्ये बदलते आहे.

ती गोष्ट पकडली यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरांनी. देवीची लस येण्याआधी देवी टोचण्याची जी जुनी पद्धत होती, तिच्यात ते निष्णात होते. १७६८ मध्ये त्यांनी व्हिएन्नाच्या राजघराण्याला देवी टोचली आणि नाव कमावलं. १७७९ च्या उन्हाळ्यात त्यांनी लंडनजवळ एक घर घेतलं आणि काही महिन्यांत पाचशेच्या वर प्रयोग केले. पानं पाण्यात बुडवायची, उन्हात ठेवायची, निघणारे बुडबुडे गोळा करायचे आणि त्या वायूत मेणबत्ती कशी जळते ते बघायचं.

त्यांना तीन गोष्टी दिसल्या:

- बुडबुडे उन्हात निघतात, अंधारात थांबतात. सूर्याची ऊब पुरत नाही, उजेडच लागतो.
- हे काम फक्त हिरवे भाग करतात. मुळं, फुलं, फळं करत नाहीत.
- अंधारात सगळीच झाडं आपल्यासारखी हवा 'खराब' करतात, पण दिवसा ती जेवढी सुधारतात त्यापेक्षा खूप कमी.

पुदिना कधी जमायचा आणि कधी फसायचा याचं कारण उजेड होतं. त्याच वर्षी इंगेनहाउझ यांनी हे पुस्तकात छापलं. ८ डिसेंबर २०१७ ला त्यांच्या जन्मदिनी गूगलने त्यांचं डूडल केलं होतं, काहींना आठवत असेल.

त्यानंतर हिशोबाची वही भराभर भरत गेली. १७८२ मध्ये जिनिव्हाच्या झां सनबिए यांनी दाखवलं की पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तरच बुडबुडे निघतात. १८०४ मध्ये जिनिव्हाच्याच निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी नीट मोजमाप केलं. झाडाचं वजन त्याने घेतलेल्या कार्बनपेक्षा जास्त वाढतं आणि वरची भर पाण्याची असते, हे त्यांनी सिद्ध केलं. हेल्मोंट पाण्याबाबत अगदीच चुकले नव्हते. पाणीही झाडाचा भाग बनतं, फक्त मुख्य भाग नाही.

पुढची काही पावलं:

- १८१७ च्या सुमारास पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू यांनी पानातला हिरवा रंग वेगळा काढला. तेच हरितद्रव्य.
- १८४५ मध्ये जर्मन डॉक्टर रॉबर्ट मायर यांनी सांगितलं की झाडं प्रकाशाची ऊर्जा रासायनिक ऊर्जेत बदलून साठवतात.
- १८६० च्या दशकात युलियस झाक्स यांनी पानाचा काही भाग झाकला आणि मग पानावर आयोडीन टाकलं. ऊन लागलेला भागच निळा-काळा झाला, म्हणजे स्टार्च तिथेच बनला होता.
- १८८२ मध्ये एंगेलमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या धाग्यावर लोलकातून सप्तरंग पाडले आणि पाण्यात ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणूंची गर्दी लाल आणि निळ्या पट्ट्यांत झाली. हिरवा प्रकाश पान सर्वात कमी वापरतं आणि परत फेकतं, म्हणून ते आपल्याला हिरवं दिसतं.

'फोटोसिंथेसिस' हे नाव मात्र खूप उशिरा, १८९३ मध्ये चर्चेत आलं. अमेरिकेच्या चार्ल्स बार्न्स यांनी दोन नावं सुचवली होती. त्यांना स्वतःला आवडलेलं 'फोटोसिंटॅक्स' मागे पडलं आणि दुसरं टिकलं.

तिसरा हिशोब: ऑक्सिजन नक्की कुणाचा?

आता शाळेतलं समीकरण आठवा. सहा रेणू कार्बन डायऑक्साइड आणि सहा रेणू पाणी, त्यातून एक रेणू ग्लुकोज आणि सहा रेणू ऑक्सिजन. हे बघून सहज वाटतं की कार्बन डायऑक्साइड तुटतो, कार्बन झाड ठेवतं आणि ऑक्सिजन सोडून देतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मोठमोठे शास्त्रज्ञही असंच मानत होते.

शंका घेतली कॉर्नेलिस व्हॅन नील यांनी. ते कॅलिफोर्नियात जांभळ्या गंधक जिवाणूंवर काम करत होते. हे जिवाणू प्रकाश वापरून साखर बनवतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड घेतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक बाहेर टाकतात. १९३१ मध्ये व्हॅन नील यांनी सरळ तर्क मांडला: हायड्रोजन सल्फाइड तुटून गंधक निघतं, तर वनस्पतीत पाणी तुटून ऑक्सिजन निघत असणार.

१९३७ मध्ये केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी पानातून वेगळे काढलेले हरितलवक उजेडात ठेवले. इलेक्ट्रॉन स्वीकारणारा एखादा पदार्थ सोबत दिला, तर कार्बन डायऑक्साइडचं काम न होताही ऑक्सिजन निघाला.

शेवटचा पुरावा आला १९४१ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे सॅम्युएल रूबेन, मार्टिन केमन आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक वापरला. पाण्यात जड ऑक्सिजन घातला तर बाहेर पडणाऱ्या वायूतही तो त्याच प्रमाणात सापडला. कार्बन डायऑक्साइडमधल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण बदललं, तर बाहेरच्या वायूवर परिणाम झाला नाही. म्हणजे आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन पाण्यातून आलेला असतो.

आता वरचं समीकरण परत तपासा. सहा रेणू ऑक्सिजन वायूत बारा अणू असतात. सहा रेणू पाण्यात ऑक्सिजनचे अणू सहाच. हिशोब जुळत नाही. म्हणून पूर्ण समीकरणात डावीकडे बारा रेणू पाणी लिहितात आणि उजवीकडे नव्याने बनलेले सहा रेणू पाणी. काही पुस्तकांत दोन्ही बाजूंना पाणी दिसतं आणि ते कापून का टाकलं नाही असा प्रश्न पडतो. कारण हे की ते पाणी वेगळं आहे. आत जातं ते तुटतं, बाहेर येतं ते नवं असतं.

पानाच्या आत काय चालतं?

प्रकाशसंश्लेषणाचे दोन टप्पे आहेत. मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर आधी बॅटरी चार्ज होते, मग त्या चार्जवर काम चालतं.

*पहिला टप्पा: चार्जिंग.* हरितलवकात पातळ पिशव्यांच्या चळती असतात. त्यांच्या पडद्यात हरितद्रव्य बसवलेलं असतं. प्रकाश पडला की हरितद्रव्यातला एक इलेक्ट्रॉन उडून पुढच्या रेणूकडे जातो. रिकामी झालेली जागा भरायला पाण्याचा रेणू तोडून इलेक्ट्रॉन घेतला जातो. हे काम मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू असलेलं एक छोटंसं केंद्र करतं. पाणी तुटलं की ऑक्सिजन मोकळा होतो.

इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे जात असताना हायड्रोजनचे आयन पिशवीच्या आत साठत जातात, धरणात पाणी साठावं तसे. बाहेर पडायला त्यांना एकच दरवाजा असतो आणि त्या दरवाजात एक फिरणारं प्रथिन बसलेलं असतं. आयन त्यातून जाताना ते खरोखर गरगर फिरतं आणि एटीपी बनवतं. कोयनेच्या पाण्यावर टर्बाइन फिरते, तसाच प्रकार, फक्त मापं नॅनोमीटरमधली. शेवटी दोन प्रकारच्या भरलेल्या बॅटऱ्या तयार होतात: एटीपी आणि एनएडीपीएच.

*दुसरा टप्पा: साखर बनवणं.* पानाच्या पर्णरंध्रांतून आत आलेला कार्बन डायऑक्साइड पाच कार्बनच्या एका साखरेला जोडला जातो. जोडणाऱ्या विकराचं नाव रुबिस्को. जोडलेला रेणू लगेच तुटून तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. पहिल्या टप्प्यातल्या बॅटऱ्या वापरून या तुकड्यांची साखर बनते आणि पाच कार्बनची मूळ साखर परत तयार होते. एका ग्लुकोजसाठी हे चक्र सहा वेळा फिरावं लागतं आणि १८ एटीपी व १२ एनएडीपीएच खर्च होतात.

या टप्प्याला जुन्या पुस्तकांत 'अंधारातली अभिक्रिया' म्हणतात. त्यामुळे ती रात्री होते असा समज होतो. तसं नाही. तिला थेट प्रकाश लागत नाही एवढाच अर्थ. बॅटऱ्या दिवसाच भरतात, म्हणून बहुतेक झाडांत हे कामही दिवसाच चालतं.

चक्र कसं सापडलं?

कार्बन हवेतून साखरेपर्यंत नेमका कुठून कुठे जातो, हे बघायचं कसं? पानातले कार्बनचे अणू सगळे सारखेच. त्यासाठी कार्बनवर खूण हवी होती. रूबेन आणि केमन यांनी आधी कार्बन-११ वापरून पाहिला, पण तो २० मिनिटांत निम्मा होतो, प्रयोग संपायच्या आत खूण पुसट. मग २७ फेब्रुवारी १९४० ला त्यांनी कार्बन-१४ शोधला. त्याला निम्मं व्हायला सुमारे ५७०० वर्षं लागतात. ही खूण टिकणारी होती.

पण ती वापरून काम पूर्ण करणं या दोघांच्या नशिबात नव्हतं. महायुद्ध सुरू झालं. १९४३ मध्ये विषारी वायूवरच्या संशोधनात अपघात होऊन रूबेन वारले, वय २९. केमन यांच्यावर खोटा हेरगिरीचा संशय घेऊन १९४४ मध्ये त्यांना कामावरून काढलं गेलं. आपलं नाव साफ करायला त्यांना पुढे अनेक वर्षं लागली.

युद्धानंतर बर्कलीतच मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी ते काम हाती घेतलं. चपट्या काचेच्या भांड्यात शैवाल, दोन्ही बाजूंनी दिवे. त्यात कार्बन-१४ असलेला कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि ठरावीक सेकंदांनी शैवाल गरम अल्कोहोलमध्ये सोडून सगळ्या क्रिया जागच्या जागी थांबवायच्या. मग आतले पदार्थ कागदावर वेगवेगळे पसरवायचे आणि त्यावर एक्स-रे फिल्म ठेवायची. जिथे कार्बन-१४ आहे तिथे फिल्मवर काळा ठिपका.

प्रोग्राममध्ये डेटा कुठे अडकतो ते बघायला आम्ही मध्ये मध्ये लॉग छापतो. हे तेच होतं. मिनिटभर थांबलं तर ठिपके डझनांनी. काही सेकंदच थांबलं तर मुख्यतः एकच ठिपका, तीन कार्बनच्या आम्लाचा. म्हणजे पहिलं स्टेशन तेच. असं एकेक स्टेशन लावत सगळं चक्र उलगडलं. १९६१ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या कॅल्विन यांना मिळालं. बेन्सन यांचा त्यातला वाटा किती मोठा होता, याची चर्चा नंतर कित्येक वर्षं चालली. आज बरेच जण त्याला कॅल्विन-बेन्सन चक्र म्हणतात.

ऊस आणि ज्वारीची वेगळी युक्ती

रुबिस्को हे पृथ्वीवर सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रथिनांपैकी एक आहे, पण ते आहे संथ. अनेक विकर सेकंदाला शेकडो-हजारो रेणू हाताळतात, रुबिस्को जेमतेम काही. शिवाय ते गोंधळतं. कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजनच पकडतं आणि मग झालेलं नुकसान निस्तरायला झाडाची ऊर्जा वाया जाते. ऊन वाढलं की हा गोंधळही वाढतो. भात, गहू, सोयाबीन, कापूस या पिकांना हा तोटा सोसावा लागतो.

ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांनी यावर तोडगा काढलाय. ही पिकं कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या रेणूत पकडतात. मग तो पानाच्या शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडतात. रुबिस्को तिथेच असतं आणि त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडची एवढी दाटी होते की चूक व्हायला वावच राहत नाही. हवाईतल्या ऊस संशोधकांना याचा पहिला सुगावा लागला. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी हा मार्ग उलगडला. त्याला सी-४ म्हणतात.

सी-४ पिकांना पर्णरंध्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत, म्हणून प्रत्येक किलो वाढीमागे पाणी कमी उडतं. कोरडवाहू भागात ज्वारी-बाजरी तग धरतात, त्यामागचं हे एक मोठं कारण. मग उसाला एवढं पाणी का लागतं? कारण तो बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो आणि किलोंनी नाही, टनांनी वाढतो. किलोमागे काटकसर असली तरी एकूण बिल मोठंच येतं. भातातही ही सी-४ यंत्रणा बसवता येईल का, यावर शास्त्रज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय गट काम करतो आहे.

व्हॉट्सॲपवरचे दावे: खरं काय?

"पिंपळ २४ तास ऑक्सिजन देतो." नाही. ऑक्सिजन पाणी तुटल्यावर निघतो आणि पाणी तोडायला प्रकाश लागतो. तुळस, पिंपळ, वड, स्नेक प्लांट, कुणालाही यातून सूट नाही. हा समज बहुधा एका खऱ्या गोष्टीतून आला असावा. निवडुंग, अननस, स्नेक प्लांट, पानफुटी अशा वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा रंध्रं बंद ठेवून तो वापरतात, म्हणजे पाणी वाचतं. भारतात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत ती चव जाते. पण रात्री कार्बन डायऑक्साइड घेणं वेगळं आणि रात्री ऑक्सिजन देणं वेगळं.

"रात्री झाडाखाली झोपलं तर जीव गुदमरतो." झाड रात्री श्वसन करतं हे खरं, पण मोकळ्या हवेत तो वायू लगेच पसरतो. आणि खोलीतल्या एखाद-दोन कुंड्यांपेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.

"घरात चार कुंड्या ठेवा, ऑक्सिजन वाढेल." स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिली, म्हणजे तासाला १५ लिटर ऑक्सिजन लागतो. चांगल्या उन्हात एक चौरस मीटर हिरवं पान तासाला ढोबळमानाने एक लिटर देतं. म्हणजे एका माणसासाठी भर उन्हातली पंधराएक चौरस मीटर पानं हवीत. घरातल्या दिव्याचा उजेड तर उन्हाच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो. कुंड्या जरूर ठेवा, डोळ्यांना आणि मनाला बरं वाटतं. पण कोंदट खोलीला खिडकी उघडणं हाच उपाय, आणि आजारी माणसाला ऑक्सिजन कमी पडत असेल तर कुंडी नाही, डॉक्टर.

"ॲमेझॉनचं जंगल जगाला २० टक्के ऑक्सिजन पुरवतं." जुनं जंगल जेवढा ऑक्सिजन बनवतं, जवळपास तेवढाच तिथली झाडं, प्राणी आणि पाचोळा कुजवणारे सूक्ष्मजीव वापरून टाकतात. पृथ्वीवर दर वर्षी बनणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास निम्मा समुद्रातल्या सूक्ष्म शैवालाकडून येतो. जंगल तोडण्याचा खरा धोका वेगळा आहे: लाकडात साठलेला कार्बन हवेत परत जातो आणि पाऊसपाणी बिघडतं.

स्वतः करून बघा: पालक आणि टाइम-लॅप्स

लागणारं साहित्य: ताजी पालकाची पानं, कागदाला भोक पाडायचं पंचिंग मशीन, सुई नसलेली १० मिलीची सिरिंज, खायचा सोडा, भांडी घासायचं लिक्विड, दोन काचेचे ग्लास.

१. ३०० मिली पाण्यात सोड्याच्या दोन चिमटी आणि लिक्विडचा एक थेंब मिसळा. फेस होऊ देऊ नका. सोड्यातून पानाला कार्बन डायऑक्साइड मिळतो.
२. जाड शिरा टाळून पालकाच्या २० टिकल्या पाडा.
३. दहा टिकल्या सिरिंजमध्ये टाका, थोडं सोड्याचं पाणी ओढा आणि वरची हवा काढून टाका.
४. तोंडावर बोट दाबून दांडा मागे ओढा, दहा सेकंद धरा, सोडा. पानातली हवा निघून पाणी आत शिरतं. टिकल्या बुडेपर्यंत दोन-तीन वेळा करा. उरलेल्या दहांनाही तेच करा.
५. दोन्ही ग्लासांत सोड्याचं पाणी आणि दहा-दहा टिकल्या. एक ग्लास उन्हात, दुसरा त्याच जागी पण फॉइलने पूर्ण झाकून.
६. उन्हातल्या ग्लाससमोर मोबाइल टेकवून टाइम-लॅप्स लावा.

साधारण दहा-वीस मिनिटांत उन्हातल्या टिकल्या एकेक करून वर येऊ लागतील. पानात बनलेला ऑक्सिजन त्यांना वर उचलतो. झाकलेल्या तळाशीच राहतील. वर आलेल्या टिकल्या नंतर अंधारात ठेवल्या तर श्वसनात तो ऑक्सिजन वापरला जाऊन काही वेळाने त्या परत बुडतात. १७७९ मध्ये इंगेनहाउझ यांनी बुडबुड्यांत जे पाहिलं, तेच तुमच्या व्हिडिओत दिसेल.

आणि तुमचा फोन?

प्रकाश साठवण्यात झाड फार कार्यक्षम नाही. शेतातलं पीक वर्षभरात पडलेल्या ऊर्जेपैकी साधारण एक-दोन टक्केच साठवतं, घरावरचं सोलर पॅनल वीसेक टक्क्यांची वीज करतं. पण पॅनल स्वतःच स्वतःला उगवत नाही, दुरुस्त करत नाही आणि त्याची भाकरी होत नाही.

चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीज केंद्रात जळणारा कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जंगलांनी हवेतून घेतलेला कार्बन. त्या विजेवर फोन चार्ज होतो तेव्हा फार जुनं ऊन खर्च होत असतं आणि तेव्हा जमिनीत गाडला गेलेला कार्बन डायऑक्साइड परत हवेत जातो. झाडांनी कोट्यवधी वर्षांत केलेली बचत आपण दोन-तीनशे वर्षांत मोडतो आहोत. आजची झाडं आणि समुद्र मिळून आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याच्या आसपास परत शोषून घेतात. उरलेला हवेत साठत जातो.